रिपोर्टमधले ११२ आणि वडिलांची वही

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्रलेखकाकडे वडिलांनी घेतलेला अठरा वर्षांचा ट्रक आहे. मीटर ७,८०,००० किलोमीटर दाखवतो. ४,२०,००० वर वडिलांनी एकदा इंजिन खोलून रिंगा आणि बेअरिंगं बदलून घेतली होती. वडील आता नाहीत. ट्रक दोघा भावांचा आहे, चालवतात पत्रलेखक, आणि घर त्यावरच चालतं. ओळखीच्या एकाने सुचवलं म्हणून या वेळी ऑईल बदलताना त्यांनी जुन्या ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. रिपोर्ट असा आला: लोखंड ११२ पीपीएम, तांबं ४६, शिसं ९, कथील १, अ‍ॅल्युमिनियम ८, क्रोमियम ४, सिलिकॉन २४, सोडियम १२, काजळी १.९ टक्के, १०० अंश सेल्सिअसला व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) १३.१, बेस नंबर ३.१. खाली शेरा: ‘असामान्य झीज. लक्ष ठेवा, पुन्हा नमुना पाठवा.’

मिस्त्री म्हणतात, इंजिन लगेच खोला. धाकटा भाऊ म्हणतो, रिपोर्ट फाडून टाक, ट्रक चालतोय तोवर विकू, घेणाऱ्याला काही सांगायला नको. पत्रलेखक विचारतात, ‘या इंजिनात किती जीव उरलाय ते मला कळायला हवं. खोलू, की विकू?’

ओघात त्यांनी आणखीही काही लिहिलं आहे. इंजिनाखालच्या चेंबरमध्ये २० लिटर १५डब्ल्यू-४० ऑईल बसतं. कामाच्या गडबडीत ते १०,००० ऐवजी १६,००० किलोमीटरवर बदललं गेलं, मधे तीन लिटर वरून घातलं. गेल्या खेपेला ऑईलची कंपनी बदलली होती. दोन महिन्यांपूर्वी चेंबरचं पॅकिंग गळत होतं म्हणून पेस्ट लावून परत बसवलं. नमुना ऑईल सोडलेल्या बादलीतून भरला. वडील डिझेल-ऑईलचा हिशेब एका वहीत लिहायचे, ती वही घरात आहे. आणि शेवटी: ‘बाकी त्रास काही नाही, महिन्याला लिटरभर साधं पाणी तेवढं रेडिएटरात घालावं लागतं.’

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य रिपोर्टबद्दलचं नाही, ते पाण्याबद्दलचं शेवटचं वाक्य आहे. त्याकडे येतो. पण आधी तुमचा प्रश्न जरा उलगडून बघू, कारण तो जसा विचारला आहे तसा त्याला उत्तर देणं या रिपोर्टच्या हातात नाही.

तुम्ही विचारता, किती जीव उरलाय. ऑईलचा रिपोर्ट सांगतो ते इंजिन सध्या किती वेगाने झिजतंय एवढंच. आजवर एकूण किती झिजलं, हे त्यात कुठेच नसतं. टायरचं उदाहरण घ्या. आज रस्त्यावर किती रबर घासलं गेलं हे मोजता आलं, तरी टायरवर नक्षी किती उरली हे त्यावरून कळणार नाही. त्यासाठी टायरच बघावा लागेल. इंजिनाचंही तसंच. लायनर (पिस्टन ज्यांत वर-खाली होतात त्या नळ्या) चांगलेच झिजलेले असूनही शांतपणे चालणारं जुनं इंजिन अगदी स्वच्छ रिपोर्ट देऊ शकतं. उलट नुकतंच बांधलेलं इंजिन रिंगा बसेपर्यंत लोखंडाचा आकडा भरपूर वर दाखवतं आणि कुणी घाबरत नाही. म्हणून ११२ वाचून ‘इंजिन संपलं’ असं जे तुमच्या पोटात झालं, ते त्या आकड्यात लिहिलेलं नाही.

मग ११२ मध्ये आहे काय? एक पीपीएम म्हणजे एक किलो ऑईलमध्ये एक मिलिग्रॅम. तुमचं २० लिटर ऑईल वजनाने साधारण साडेसतरा किलो भरतं. म्हणजे सगळ्या ऑईलमध्ये मिळून सुमारे दोन ग्रॅम लोखंड. लायनर, क्रँक, कॅम, गिअर, ऑईल पंप आणि इंजिनाच्याच ऑईलवर चालणारा हवेचा कॉम्प्रेसर, या सगळ्यांनी मिळून १६,००० किलोमीटरमध्ये दिलेले दोन ग्रॅम. आता भागाकार करा: हजार किलोमीटरला ७ पीपीएम. तुम्ही नेहमीसारखं १०,००० वर ऑईल बदललं असतं तर हाच आकडा ७० च्या आसपास दिसला असता आणि कदाचित शेराही वेगळा आला असता. रिपोर्ट हाती आला की सगळ्यात आधी हा भागाकार करायचा. ‘ऑईल किती किलोमीटर चाललं’ हा रकाना रिकामा ठेवून नमुना पाठवणारे खूप असतात, आणि मग त्या आकड्यांना काही अर्थच राहत नाही. तीन लिटर ऑईल वरून घातलंत, त्यामुळे आकडा जरा पातळ झालाय, म्हणजे खरी झीज थोडी जास्त धरायची. तेही पुढच्या वेळी लिहून द्या.

हजारी ७ म्हणजे चांगलं की वाईट, हे मी मुद्दामच सांगत नाही. इंजिनागणिक, कामागणिक ते बदलतं. एकाच बनावटीची दोन इंजिनं, एक सपाट रस्त्यावर लांब पल्ल्याचं आणि दुसरं घाटात वजन ओढणारं, वेगवेगळे आकडे देतात आणि दोन्ही ठणठणीत असतात. ही तपासणी ज्यांनी रुजवली त्यांनी ती तशीच वापरली होती. १९४६ च्या सुमारास अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे वेस्टर्न रेल्वेने आपल्या डिझेल लोकोमोटिव्हच्या ऑईलमधले धातू मोजायला सुरुवात केली, आणि पुढच्या दशकात तिथल्या नौदलाने तीच पद्धत विमानांच्या इंजिनांसाठी उचलली. एकाच इंजिनाचा नमुना पुन्हा पुन्हा घ्यायचा आणि त्याची तुलना त्याच्याच आधीच्या आकड्यांशी करायची, हा त्यातला गाभा. तुमच्याकडे आज एकच बिंदू आहे. एका बिंदूतून रेष निघत नाही. प्रयोगशाळेनेसुद्धा ‘पुन्हा नमुना पाठवा’ म्हटलंय, ‘इंजिन खोला’ असं कुठेही म्हटलेलं नाही. मला वाटतं, तुम्ही शेऱ्यातले पहिले दोन शब्द वाचले आणि घाईत पुढचे राहून गेले.

आणि तो एक बिंदूही डळमळीत आहे, कारण नमुना बादलीतला आहे. हे मी जरा कडक शब्दांत सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. गॅरेजमधल्या बादलीत आधी कशाकशाचं ऑईल सोडलं होतं, तळाला काय साचलं होतं, हे कुणालाच माहीत नसतं. त्यातली धूळ तुमच्या रिपोर्टमध्ये सिलिकॉन म्हणून उमटते, गंज लोखंड म्हणून. नमुना घ्यायचा तो गाडी चालून आल्यावर, इंजिन गरम असताना, ऑईल सगळीकडे नीट मिसळलेलं असताना. ड्रेन नट उघडून घेणार असाल तर आधी नटाभोवतीची घाण पुसा, पहिली धार वाहून जाऊ द्या, मधली धार थेट कोऱ्या बाटलीत धरा. शेवटची, तळाचा गाळ घेऊन येणारी, नको. हात भाजणार नाही याची काळजी घ्या. डिपस्टिकच्या नळीतून नवी प्लॅस्टिकची नळी सोडून छोट्या हातपंपाने ओढून घेणं आणखी सोपं, आणि ते ऑईल न बदलताही करता येतं. कुठलीही एक पद्धत धरा आणि दर वेळी तीच वापरा. बाटली काठोकाठ भरू नका, म्हणजे प्रयोगशाळेत ती नीट हलवून घेता येते. सोबत एकदा कोऱ्या डब्यातल्या नव्या ऑईलचाही नमुना पाठवा. काही ऑईलमध्ये कारखान्यातूनच थोडं सोडियम असतं, फेस मारायला थोडं सिलिकॉन असतं. नव्याचा आकडा माहीत असला की जुन्यातून तो वजा करता येतो.

आता बाकीचे धातू. ते एकेकटे वाचायचे नाहीत, जोडीने वाचायचे.

तांबं ४६ बघून मिस्त्रींनी बेअरिंगचं नाव घेतलं असणार. जुन्या इंजिनांच्या बेअरिंगमध्ये तांब्याच्या थरावर शिसं-कथिलाचा पातळ थर असतो. बेअरिंग झिजायला लागलं की आधी वरचा थर जातो, म्हणून शिसं आणि कथील आधी किंवा निदान बरोबरीने चढायला हवं. तुमचं शिसं ९ आहे, कथील १. तांबं मात्र एकटंच वर. अशा वेळी माझा पहिला संशय ऑईल कूलरवर, म्हणजे पाण्याने ऑईल गार करणाऱ्या भागावर, जातो. कूलरमध्ये तांबं असेल आणि ऑईलची कंपनी बदलली असेल, तर नव्या ऑईलमधली रसायनं कूलरच्या नळ्यांवरचं तांबं काही काळ विरघळवतात. पृष्ठभागावर पुन्हा थर जमला की आकडा आपोआप खाली येतो. तुम्ही गेल्याच खेपेला कंपनी बदललीत. पिस्टन पिनच्या किंवा टर्बोच्या बुशांमधूनही तांबं येतं, त्यामुळे मी ते सोडून देत नाही, पण नुसत्या तांब्यावरून क्रँक उघडायला मी तयार नाही.

असं मी ठामपणे म्हणतो, कारण एकदा मी स्वतः उलटं केलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका इंजिनात तांब्याचा आकडा एकाएकी चढलेला बघून मी सगळी बेअरिंगं उतरवायला लावली. ती सुरेख होती. जोडताना क्रँकच्या एका जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर, कचरा राहिला आणि थोड्याच दिवसांत खरोखरचं बेअरिंग गेलं. त्या माणसाचं नुकसान भरून द्यायला मला वेळ लागला, आणि चांगलं चाललेलं इंजिन खोलण्यातही धोका असतो हे मी तेव्हापासून कधी विसरलो नाही.

सिलिकॉन २४ चे तीन मानकरी आहेत: बादली, चेंबरला लावलेली पेस्ट आणि रस्त्याची धूळ. पहिल्या दोन्हींत घाबरण्यासारखं काही नाही. तिसरी मात्र इंजिनाची सगळ्यात मोठी वैरीण. धूळ आत गेली की सिलिकॉनबरोबर थोडं अ‍ॅल्युमिनियम येतं, कारण मातीत दोन्ही असतात. आणि मागोमाग लोखंड आणि क्रोमियम चढतं, म्हणजे लायनर आणि रिंगा घासल्या जाताहेत. पेस्टचं सिलिकॉन एकटंच येतं आणि एक-दोन ऑईल बदलात ओसरतं. तुमचं अ‍ॅल्युमिनियम ८ आणि क्रोमियम ४ बघून मला धुळीची शक्यता कमी वाटते, पण हे तपासायला रिपोर्टची वाट कशाला बघायची? एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा सगळा पाइप हाताने चाचपा. रबराला तडा, सैल क्लिप, फिल्टरच्या घराचं चेपलेलं तोंड. पाइप काढून आतून पांढरं फडकं फिरवा. आत धुळीचा थर मिळाला तर कारण सापडलंच. आणि एक विनंती: एअर फिल्टर दर चार दिवसांनी काढून हवेच्या जोरदार झोताने झटकत असाल तर ते थांबवा. त्याने कागदाला बारीक छिद्रं पडतात, आणि काढताना-घालतानाच धूळ स्वच्छ बाजूला पडते.

ऑईलबद्दल थोडक्यात. बेस नंबर म्हणजे ऑईलची आम्ल मारण्याची शिल्लक ताकद. नव्या ऑईलमध्ये तो साधारण १० च्या आसपास असतो, निम्म्यावर आला की ऑईल दमत चाललं असं समजायचं. तुमचा ३.१ होता. आम्ल वाढलं की ते शिसं आणि तांबं कुरतडतं, त्यामुळे या रिपोर्टमधली थोडी झीज लांबलेल्या बदलाचीच असू शकते. १०० अंशांना १३.१ ही व्हिस्कॉसिटी ४० च्या ग्रेडच्या हद्दीत बसते (१२.५ ते १६.३), पण काजळी १.९ टक्के असताना ऑईल जरा घट्ट व्हायला हवं होतं, ते पातळच राहिलंय. वापरात ऑईल थोडं पातळ होतंच. तरी पुढच्या नमुन्यात डिझेलचं प्रमाण मुद्दाम मोजून मागा. डिझेल फवारणारी नोझल गळकी असेल तर ती लायनरवरचा ऑईलचा थर धुऊन टाकते, आणि अशा वेळी औषध नोझलला द्यायचं असतं, इंजिनाला नाही.

आता पाणी.

महिन्याला लिटरभर पाणी कुठेतरी जातंय आणि ते तुम्ही ‘बाकी त्रास नाही’मध्ये टाकलंत. असं पुष्कळ जण करतात, कारण पाणी घालणं सोपं असतं आणि सवय लागते. ते होजच्या सांध्यातून, वॉटर पंपाखालच्या छिद्रातून किंवा रेडिएटरच्या झाकणातून जात असेल तर देवाची कृपा. पण इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगमधून (हेड गॅस्केट), ऑईल कूलरमधून किंवा लायनरच्या खालच्या रबर रिंगांमधून जात असेल, तर तुमच्या ११२ पेक्षा ते कितीतरी गंभीर आहे. रिपोर्टमध्ये पाणी दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. गरम ऑईलमधलं पाणी उडून जातं. मागे राहतात ते कूलंटमधले (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या गंजरोधक द्रावणातले) क्षार, सोडियम आणि पोटॅशियम, आणि प्रयोगशाळा त्यांच्यावरूनच गळती पकडते. पण तुम्ही साधं पाणी घालत आलात, म्हणजे कूलंट पार पातळ झालेलं. खूण ठेवणारी गोष्टच तुम्ही पातळ केलीत. तुमचं सोडियम १२ आहे यावर मी ‘कूलंट आत जात नाही’ असं म्हणायचं धाडस करणार नाही.

साध्या पाण्याचा दुसरा तोटा असा की पाण्यात बसणाऱ्या लायनरच्या बाहेरच्या अंगाला गंज तर लागतोच, शिवाय लायनर थरथरताना तिथे बारीक बुडबुडे फुटतात आणि धातूला टोचे पडत जातात. चांगलं कूलंट ते रोखतं. साधं पाणी रोखत नाही. टोचे वाढत एक दिवस आरपार भोक पडतं.

तर इंजिन खोलायच्या आधी हे करा. एक दिवस ट्रक रात्रभर उभा ठेवा, सकाळी इंजिन सुरू न करता ड्रेन नट अगदी थोडा सैल करा. पाणी ऑईलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. असेल तर ऑईलच्या आधी थेंब पाण्याचे येतील. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून बघा: वर तेलाचा तवंग असेल तर कूलर संशयित, कारण इंजिन चालू असताना ऑईलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो आणि ऑईलच पाण्यात शिरतं. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केल्यावर सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट. मग गॅरेजमध्ये कूलिंगची प्रेशर टेस्ट करून घ्या: रेडिएटरच्या तोंडाला पंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब भरायचा आणि काटा उतरतो का बघायचं. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच ओल दिसत नाही, तर चेंबर उतरवून, दाब तसाच ठेवून, खालून बॅटरीच्या उजेडात लायनरच्या बुडाकडे बघा. थेंब जमताना दिसेल, आणि कुठल्या सिलिंडरचा तेही दिसेल. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका.

मिस्त्रींबद्दल. ते चुकीचंच सांगताहेत असं मी म्हणत नाही. ते रोज तुमचं इंजिन ऐकतात, मी ऐकलेलं नाही. पण त्यांना विचारा, ‘रिपोर्ट बाजूला ठेवा, तुम्हाला स्वतःला काय दिसतंय?’ गरम इंजिन आयडलला असताना ऑईलचा दाब पूर्वीइतका आहे का? ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बॅक कॉम्प्रेशन (रिंगांमधून निसटलेला वायू) किती मारतंय? धूर निळा आहे का? या प्रश्नांना त्यांच्याकडे ठोस उत्तरं असतील तर त्यांचं म्हणणं वजनदार आहे. ‘इतके किलोमीटर झाले, खोलायलाच हवं’ एवढंच असेल तर थांबता येईल. आणि खोलणं म्हणजे एकदम सगळंच खोलणं असं नसतं. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजणं हे एका दिवसाचं काम. चेंबर उतरवलाच आहे तर एक-दोन कनेक्टिंग रॉडच्या कॅप उघडून बेअरिंग डोळ्यांनी बघता येतं. कॅप ज्याची त्यालाच, त्याच दिशेने, स्वच्छ करून, ठरलेल्या टॉर्कने बसली पाहिजे. गॅरेज धुळीचं असेल तर हेही नको.

त्यांनी जाड ऑईल किंवा एखादं औषध घालायला सुचवलं तर सध्या नम्रपणे नाही म्हणा. जाड ऑईलने दाबाचा काटा चढलेला दिसतो आणि झिजेचं कारण झाकलं जातं. पुढचे तीन नमुने होईपर्यंत कंपनी, ग्रेड, बदलाचं अंतर, काहीही बदलू नका.

तपासणीला एक आंधळी जागा आहे, तीही सांगितली पाहिजे. नेहमीच्या तपासणीत धातूचे अगदी बारीक कण मोजले जातात, साधारण ५ ते १० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून मोठे कण त्या यंत्राला जवळपास दिसतच नाहीत. एखादा भाग हळूहळू घासण्याऐवजी सोलून निघायला लागला तर चकत्या ऑईल फिल्टरमध्ये अडकतात आणि रिपोर्ट साळसूद येतो. म्हणून दर बदलाला जुना फिल्टर कापा, कागद उलगडून उन्हात बघा, चुंबक फिरवा. थोडी काळी पूड चालेल. चमकणाऱ्या चकत्या दिसल्या, चुंबकाला न चिकटणारे तांबूस किंवा चंदेरी तुकडे दिसले, गरम इंजिनात ऑईलचा दाब घसरला, खालून ठोका ऐकू आला किंवा ऑईल दुधाळ झालं, तर त्या दिवशी ट्रक उभा करायचा. तिथे पुढच्या रिपोर्टची वाट बघायची नसते. ऑईल नुसतं काळं झालं, तर ते डिझेल इंजिनात व्हायचंच.

आता तुमचा भाऊ. तो वाईट माणूस आहे असं मला पत्रातून वाटलं नाही, तो घाबरलाय. मोठा खर्च अंगावर येईल आणि त्यानंतरही इंजिन दगा देईल, ही भीती खरी आहे. पण बघा, त्याने मांडलेला पर्याय आणि मिस्त्रींनी मांडलेला पर्याय, दोन्ही एकाच गोष्टीवर उभे आहेत: त्या एका रिपोर्टने निकाल दिला आहे. निकाल लागलेलाच नाही. विकायचं नक्की झालं तर जरूर विका, अठरा वर्षांचा ट्रक विकण्यात काही गैर नाही. पण रिपोर्ट लपवून नको. पाणी जातंय हे माहीत असताना तो ट्रक ज्याच्या हाती द्याल, त्याचंही घर कदाचित त्यावरच चालणार आहे. रिपोर्ट उघडताना तुमची जी अवस्था झाली तीच त्याची होईल, फक्त कुठल्यातरी घाटात, भरलेल्या गाडीसकट. आणि व्यवहार म्हणून बघितलं तरी, तीन नमुन्यांचे रिपोर्ट आणि गळती काढल्याची नोंद असलेल्या जुन्या ट्रकवर जाणकार गिऱ्हाईक जास्त विश्वास ठेवतो.

भावाबरोबर बसून, डोकं शांत असताना, आत्ताच ठरवून टाका की कुठल्या आकड्याला काय करायचं. माझ्या मते असं: लोखंड हजारी ७ च्या आसपास राहिलं किंवा उतरलं आणि तांबं ओसरलं, तर इंजिनाला हात लावायचा नाही. लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम लागोपाठ दोन नमुन्यांत एकत्र चढले, तर कॉम्प्रेशन मोजायचं. शिसं चढलं, तर चेंबर उतरवून बेअरिंग बघायचं, मग तांबं काहीही म्हणो. आणि खोलायला जो खर्च येईल तो ट्रकच्या किमतीच्या किती हिस्स्यापर्यंत मान्य, हेही दोघांनी आजच लिहून ठेवा. इंजिन सुटं होऊन बाकड्यावर पडलेलं असताना हा निर्णय कधीच नीट होत नाही.

वेळापत्रक म्हणाल तर, पाण्याचा शोध याच आठवड्यात. गळती काढली की कूलिंग नीट धुऊन, पूर्ण प्रमाणाचं कूलंट भरा, म्हणजे पुढच्या रिपोर्टमधलं सोडियम-पोटॅशियम खरं बोलेल. आत्ताचं ऑईल ५,००० किलोमीटर झालं की डिपस्टिकमधून एक नमुना, १०,००० ला बदलताना दुसरा, पुढच्या १०,००० ला तिसरा. पहिल्यात चेंबरच्या कोपऱ्यांत राहिलेल्या जुन्या ऑईलचा अंश असेल, त्यामुळे तो थोडा चढा आला तर लगेच दचकू नका.

आणि वडिलांची वही काढा. आपल्याकडे मागचा काहीच हिशेब नाही असं तुम्ही गृहीत धरलंत, पण तो घरातच आहे. ४,२०,००० च्या कामानंतरच्या पानांपासून सुरुवात करा. दर बदलामधे किती ऑईल वरून घातलं ते एका कागदावर उतरवत या. आज १६,००० ला तीन लिटर, म्हणजे साधारण ५,३०० ला एक लिटर लागतंय. तेव्हा किती लागत होतं? तेवढंच असेल तर रिंगा अजून आपलं काम करताहेत, आणि दुप्पट झालं असेल तर ते कधीपासून, हे तारखेसह सापडेल. रेडिएटरात पाणी घातल्याची नोंद वडिलांनी केली असेल तर तीही बघा. गळती जुनी की नवी हे त्यावरून कळेल. मग त्याच वहीत, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली, पुढचे रकाने आखा: तारीख, मीटर, ऑईल किती चाललं, वरून किती घातलं, हजारी लोखंड, शिसं, सोडियम, फिल्टरमध्ये काय दिसलं. ५,००० चा रिपोर्ट आला की या रकान्यांसकट मला पुन्हा लिहा. भावालाही बरोबर बसवून लिहा.